आंघोळीआधीची आंघोळ

नेपाळ कसा देश आहे, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, बाथरूम कशी मिळते त्यावर आहे. विचारणाऱ्याला ही थट्टा वाटते. मी अमरावतीत बसून पंचवीस-सव्वीस वर्षं सहली काढल्या, त्यातल्या निम्म्या तरी नेपाळच्या. दोन वर्षांपूर्वी दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं. आता संपादकांनी ‘तुम्ही पाहिलेला हिमालय’ असा विषय सुचवलाय. हिमालय माझ्या प्रवाशांच्या पाठीमागे असायचा, फोटोत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत असायचो, कोण नाराज आहे ते ओळखायला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सहल आखणं म्हणजे नकाशा पसरायचा, चांगली ठिकाणं निवडायची आणि रेघा ओढायच्या. नकाशा शेवटी येतो. आधी येतो आचारी. आपला माणूस तीन दिवस परक्या चवीचं खातो, चौथ्या दिवशी त्याला वरण-भात आणि ठेचा दिसला नाही तर समोर साक्षात धौलागिरी असला तरी तो म्हणतो, यात पाहण्यासारखं काय आहे. आधी पोटोबा मग विठोबा, हे आमच्या धंद्याचं घोषवाक्य. आचाऱ्यानंतर येते खिडकी. बसमधली खिडकीची जागा रोज बदलायची आणि त्याचा तक्ता आधीच छापून वाटायचा, नाहीतर सख्खे साडू गोरखपूरच्या पुढे एकमेकांशी बोलत नाहीत. आणि मग येते आंघोळ. किती माणसं, किती न्हाणीघरं, गरम पाण्याला किती वेळ, त्यावर बस किती वाजता सुटणार हे ठरतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

बाकी नेपाळ म्हणाल तर सहल काढणाऱ्याला देवानं दिलेला देश. खाली तराईत भाताची सपाट शेतं आणि गेंड्यांचं जंगल, वर पोखऱ्याची तळी, त्याच्या वर बर्फ, आणि बर्फाच्या पलीकडे चक्क वाळवंट. हे सगळं आठ-नऊ दिवसांत. बडनेऱ्याहून रेल्वेनं निघायचं, एकदा गाडी बदलायची, गोरखपूरला उतरून बस करायची. पासपोर्टची भानगड नाही. आपल्या लोकांनी हे सगळं पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी एकच शेरा दिला. पोखऱ्याला, “आपल्या चिखलदऱ्यासारखंच हाय.” जंगलात, “आपल्या मेळघाटातच काय कमी हाय?” असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी घरापासून दोन तासांवरचा मेळघाट पाहिलेला नसायचा, पण अभिमानाला पाहावं लागत नाही.

अकोल्याचे एक वकीलसाहेब माझ्याबरोबर तीनदा आले. पहिल्या खेपेला पोखऱ्याजवळच्या सारंगकोटच्या टेकडीवर पहाटे ढग होते. साहेबांनी खिशातून माझं माहितीपत्रक काढलं. त्यात मी ‘हिमशिखरांचे दर्शन’ असं छापलं होतं.

“भाऊ, हे दर्शन कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“ढग आले साहेब.”

“ढगांचा उल्लेख यात नाही.”

तेव्हापासून मी प्रत्येक ओळीखाली ‘हवामान अनुकूल असल्यास’ छापायला लागलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, अनुकूल म्हणजे कोणाला अनुकूल. तरीही माणूस तीनदा आला. भांडणारं गिऱ्हाईक टिकतं, हे मी अनुभवानं सांगतो. गप्प बसणारं गिऱ्हाईक मात्र समजत नाही, आणि मला सांगायचं आहे ते अशाच एका माणसाबद्दल.

राऊत बाई मला अंजनगाव सुर्जीच्या शाळेत भूगोलाला होत्या. घर बागायतदारांचं, केळी आणि फुलांचं. बाई त्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली होती तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. समोर नेपाळचा नकाशा पसरून बसल्या होत्या, वाट्यांनी चारी कोपरे दाबून.

“सुधाकर, मी बत्तीस वर्षं पोट्ट्यायले सांगितलं का हिमालय हाय तिथं आधी समुद्र होता,” बाई म्हणाल्या. “एकाही पोट्ट्यानं मले विचारलं नाही का बाई, तुमी पायला काय.”

आमच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारं. काहून खारं, असं आम्ही विचारायचो, तेव्हा बाई सांगायच्या की इथंही पूर्वी समुद्र होता असं लोक म्हणतात, पण लोक म्हणतात म्हणून खरं धरू नये. हिमालयाचं मात्र खरं, कारण तिथं पुरावा हातात येतो. काळ्या गंडकीच्या पात्रात काळे गोटे सापडतात. फोडले की आत शंखासारखी चक्री असते. तो समुद्रातला प्राणी, दगड झालेला. आपण त्याला शाळिग्राम म्हणतो आणि तुळशीपाशी ठेवतो. बाईंना तो पात्रात स्वतःच्या हातानं शोधायचा होता.

“घरी आणायचा नाही मले. सापडला, पायला, पुन्हा पाण्यात ठेवला. बस.”

त्यांना श्वासाचा त्रास होता. उंचावर जायला डॉक्टर नाही म्हणत होते, मग फार मागे लागल्यावर एकदाच जा म्हणाले, त्यानंतर विचारायला येऊ नका. म्हणजे ही एकच खेप होती आणि ते मला त्या दिवशीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं.

मी दोन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो आणि सहल बाईंनी आखली. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं ते तेव्हा शिकलो. एकदम वर न्यायचं नाही, एकेक मुक्काम चढवत न्यायचं, म्हणजे छाती सवय करून घेते. पाऊस कुठं अडतो आणि त्यामागे कोरडं का होतं, ते लोकांना बसमधून दिसेल अशा बेतानं सकाळची वेळ. आणि मुख्य म्हणजे वारा. काळ्या गंडकीकाठच्या जोमसोमच्या खोऱ्यात रोज दहा-अकराला वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. ऊन तापलं की खालची हवा खोऱ्यातून वर ओढली जाते, इतका साधा प्रकार.

“म्हणून जोमसोमहून सहाले निघाचं,” बाईंनी पेन्सिलीनं खूण केली. “सात ते नऊ कागबेनीले नदीच्या पात्रात. मंग मुक्तिनाथ. आंघोळ आदल्या संध्याकाळी, कारण तिथं पाणी उन्हावर तापते. सकाळी गार राह्यते.”

मी मान डोलावली आणि तो आराखडा जसाच्या तसा छापला. वर ‘निसर्ग आणि संस्कृती’ असं ठळक घातलं. बत्तीस जागा आठवडाभरात भरल्या. बाईंचं नाव कुठेही घातलं नाही, ते मला तेव्हा सुचलंही नाही.

निघण्याआधी मी एक बैठक घ्यायचो. सभागृह, चिवडा, चहा, आणि कार्यक्रमाला सगळ्यांची संमती. ही माझी पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता, पुढे कोणी म्हणायला नको की आम्हाला सांगितलं नव्हतं. त्या बैठकीत मी बर्फापासून वाळवंटापर्यंत अख्खा देश सांगितला आणि प्रश्न आहेत का विचारलं. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला.

“भाऊ, गरम पाणी भेटन ना?”

दुसरा संडासाबद्दल होता, तिसरा कांदा-लसणाबद्दल. मग बाई उठल्या आणि त्यांनी नदीच्या पात्रातल्या दोन तासांचं सांगितलं. शिक्षिकाच त्या, पाच मिनिटांत सभागृह गप्प झालं. अमरावतीचे पाठक गुरुजी पहिल्या रांगेत होते, पौरोहित्य करणारं जुनं घर, त्यांना पूजेसाठी शाळिग्राम हवाच होता. ते खूश झाले.

“बाई, तुम्ही समुद्र शोधा, मी विष्णू शोधतो,” गुरुजी म्हणाले. “दोघांना एकच दगड.”

टाळ्या झाल्या. संध्याकाळच्या आंघोळीचं मी पुन्हा एकदा सांगितलं. सगळे हो म्हणाले. आपला माणूस बैठकीत कशालाही हो म्हणतो, कारण तेव्हा चिवडा समोर असतो.

जोमसोमला आम्ही पाच जीपा करून पोचलो. दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी कडकडीत होतं. मी खोली-खोली फिरून सांगितलं, आत्ता आंघोळी उरका, सकाळी सहाला निघायचंय. बाईंनी केली. माझ्या माहितीप्रमाणे बत्तीस माणसांत तेवढ्या एकट्यांनी केली.

सकाळी साडेपाचला बाई पहिल्या जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या, कानाला रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर एक भिंग. आकाश निरभ्र, समोरच्या नीलगिरी शिखरावर पहिलं ऊन, वाऱ्याचं नाव नाही. आत हॉटेलात मात्र बत्तीस वजा एक माणसं टॉवेल घेऊन उभी होती.

“भाऊ, पाणी तं गार हाय.”

“म्हणूनच काल संध्याकाळी सांगितलं होतं.”

“कालची आंघोळ आज चालते काय?”

मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, तुम्हीच सांगा, लोक तुमचं ऐकतील. गुरुजी म्हणाले, “सुधाकरराव, मुक्तिनाथाला पारोशानं जायचं? नाही, हे मला सांगता येणार नाही.”

ज्यांना मुक्तिनाथ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं देवळामागे दगडी गोमुखांतून एकशे आठ धारा पडतात. बर्फाचं पाणी. त्या प्रत्येक धारेखालून जात आंघोळ करायची, हेच तिथलं तीर्थ. म्हणजे आम्ही आंघोळीलाच निघालो होतो. मी तसं म्हटलं.

“तिथे एकशे आठ वेळा आंघोळ होणारच आहे. मग आंघोळीआधी आंघोळ कशासाठी?”

वकीलसाहेब दाराच्या चौकटीत पंचा लावून उभे होते. त्यांची तिसरी खेप होती ही. “भाऊ, तुमी दोन कलमांची गल्लत करून राहिले,” ते म्हणाले. “तिथली आंघोळ पुण्यासाठी, इथली स्वच्छतेसाठी. एकीनं दुसरी रद्द होत नाही.”

मुद्दा बिनतोड होता. मग माझ्या आचाऱ्यानं पोह्यांची कढई उतरवून शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवलं. हॉटेलची मालकीण दारात उभी राहून हसत होती, मग तिनंही दोन पातेली काढून दिली. उंचावर पाणी उकळायला लागतं लवकर, पण एकतीस बादल्या व्हायला वेळ लागतोच. मी स्वतः बादल्या वाहिल्या. दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन बाईंना सांगत होतो, झालंच, दहा मिनिटं. बाई मान हलवायच्या. गुरुजींची आंघोळ सोवळ्याची, त्यानंतर संध्या, त्यानंतर पोथीचा अध्याय. त्यांनाही शाळिग्राम शोधायचा होता, हे कृपा करून विसरू नका.

आम्ही सव्वादहाला निघालो. कागबेनीच्या अलीकडेच पहिली धूळ काचेवर आली. पात्राशी पोचलो तेव्हा जीपचं दार उघडायला दोन हात लावावे लागत होते. वाळू उडत होती. नदी दिसत होती, तिच्या काठचे काळे गोटे दिसत होते, पण तिथं डोळा उघडा ठेवणं अशक्य होतं. मागच्या चार जीपांच्या काचा वर. एकाही गाडीतून कोणी उतरलं नाही. उलट एक निरोप आला की केसांत धूळ जाते, आत्ताच न्हालोय.

बाई उतरल्या. मी त्यांच्या कोपराला धरलं. पंधरा-वीस पावलं गेल्या असतील. वाकून दोन-तीन गोटे उचलले, भिंग डोळ्याला लावायचा प्रयत्न केला, भिंगावर वाळूच होती. त्यांना धाप लागली. मागून कोणत्यातरी जीपचा हॉर्न वाजला, मग आणखी एकीचा. बाईंनी हातातले गोटे जिथून उचलले होते तिथंच खाली ठेवले आणि वळल्या.

“मंदिर उघडं असेपर्यंत पोचू,” एवढंच म्हणाल्या.

मुक्तिनाथाच्या धारांपाशी माझ्या लोकांचं तेज मी पाहिलं. पाण्याला बोट लावलं आणि बहुतेकांनी तिथंच तीर्थ आटोपलं. बोटं ओली करून कपाळाला, डोक्यावर तीन थेंब, झालं. एकतीस बादल्यांची आंघोळ त्या तीन थेंबांसाठी झाली होती. वकीलसाहेब म्हणाले, प्रोक्षणालाही शास्त्राधार आहे. गुरुजींनी बाहेरच्या ठेल्यावरून शाळिग्राम विकत घेतला आणि तो देशाबाहेर न्यायचे तिकडचे नियम विचारून घेतले. मीही एक घेतला, फोडून आतली चक्री दाखवणारा, आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो नीट पाहिला. आजूबाजूला चार बायका जमल्या, त्यांना बोट फिरवून दाखवलं, हे त्याचे कप्पे, या बाजूनं वाढत गेला. फार सुंदर सांगितलं. मग दगड मला परत दिला.

“तुया दुकानात ठेव. गिऱ्हाइकायले दाखवता येईन.”

तुम्ही विचाराल, दुसऱ्या दिवशी सकाळी का नाही नेलं. पोखऱ्याच्या रस्त्याचं काम चालू होतं, दुपारी वाहतूक बंद व्हायची, जोमसोमहून पहाटे पाचला निघणं भाग होतं. पाचला पाचही जीपा भरल्या होत्या. पोखऱ्याला बाजारात एक दुपार ठेवलेली, ती चुकायला नको म्हणून. त्या पहाटे कोणीही गरम पाणी मागितलं नाही. गुरुजीही टोपी घालून वेळेवर बसलेले, अगदी पारोसे.

परतताना बसमध्ये मी छापील अभिप्राय भरून घेतले. सगळ्यांनी उत्तम लिहिलं. वकीलसाहेबांनी लिहिलं की जोमसोमला गरम पाण्याची जी व्यवस्था आयोजकांनी स्वतः बादल्या उचलून केली तिला तोड नाही. ते वाक्य मी पुढच्या माहितीपत्रकात छापलं आणि त्यावर माझ्या दोन सहली भरल्या. बाईंनी कागद कोरा दिला.

दोनेक महिन्यांनी फोटोंचा अल्बम द्यायला मी अंजनगावला गेलो. बाई ओसरीवर फुलांच्या परड्या निवडत होत्या. श्वास जास्त लागत होता, डॉक्टरांनी आता जिने चढायलाही बंदी केलेली. त्यांनी चहा सांगितला, अल्बम चाळला, नीलगिरीच्या फोटोपाशी थांबल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं.

“पाच जीपा होत्या ना रे आपल्याजवळ?”

“हाव बाई.”

“मंग एक सहाले सोडता आली असती. मी, ड्रायव्हर, अन् मागून तुमी या.”

ढग, दरड, बंद रस्ता, रद्द झालेलं विमान, या सगळ्यांची उत्तरं माझ्या जिभेवर तयार असतात. मी म्हणालो, “खरंच बाई. तेव्हा सुचलंच नाही.”

आता मघाशी सकाळचा प्रसंग सांगताना मी एक गोष्ट गाळली, ती लिहितो. नाही लिहिली तर हा सगळा लेख खोटा होईल आणि मी दुसऱ्यांवर हसण्यात पानं घालवली असं होईल. त्या दिवशी सहाला बाईंच्या जीपचा ड्रायव्हर माझ्याजवळ आला होता. नेपाळी माणूस, पात्र आणि वारा दोन्ही ओळखणारा. त्यानं हिंदीत विचारलं होतं, माताजी तयार आहेत, त्यांना घेऊन मी पुढे जाऊ का, दोन तासांत तुम्ही या. एका हातात बादली होती माझ्या. मला दिसत होतं की त्याचं बरोबर आहे. पण एक जीप सुटली की बाकीचे एकतीस लोक म्हणणार, आम्हाला मागं ठेवलं, त्यांना वेगळी वागणूक, पैसे सारखेच ना. गुरुजी रुसणार, वकीलसाहेब खिशातून माहितीपत्रक काढणार. धंद्यात पडल्यापासून मी एकच नियम पाळला होता, टोळी फोडायची नाही. मी त्याला म्हणालो, “रुको. एक बुढिया के लिए इतने लोगों से झगडा कौन लेगा?” आणि बादली घेऊन आत गेलो.

बाईंनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.

“सुचलं होतं तुले,” त्या म्हणाल्या. “ड्रायव्हरनं विचारलं तवा मी गाडीतच बसली होती, काच खाली होती.” मग परडीतलं एक कोमेजलेलं फूल उचलून बाजूला टाकलं. “हिंदी मले बी समजते, सुधाकर.”